सहनगुणक

एक पूर्णांक सहा. हा आकडा मी काढलाय. दुसऱ्या कुणी काढला असता तर मला त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती, आणि मी ती मनापासून मोडली असती. पण अहवालाच्या शेवटच्या पानावर 'प्रमुख विश्लेषक : डॉ. केतकी मगदूम' असं छापलेलं आहे, त्यामुळे ती सोय नाही.

श्रमताण कायदा आला तेव्हा मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नुकतीच लागले होते. कायदा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. शंभरहून जास्त माणसं कामाला असतील अशा प्रत्येक कारखान्यात, कचेरीत, इस्पितळात कामगारांच्या दंडावर घामपट्टी लावायची. दिसायला ती जखमेवरच्या पट्टीएवढीच. तिच्या आतल्या बाजूला घामातलं कॉर्टिसॉल पकडणारे रेणू बसवलेले असतात. ताण आला की शरीर हे संप्रेरक रक्तात सोडतं. थोडा वेळ सोडलं तर ते उपयोगाचं असतं, साप दिसल्यावर पळायला तेच मदत करतं. पण रोज आठ तास, महिनोन्महिने ते सुटत राहिलं तर रक्तदाब चढतो, साखर बिघडते, झोप उडते, हृदयाचा स्नायू थकतो.

पट्टी आणखी एक गोष्ट मोजते. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं, ते किंचित कमीजास्त होत राहतं. ताणाखालचं हृदय मात्र एकाच ठेक्यात पडत राहतं. हे सगळं मिळून एक आकडा निघतो, त्याचं नाव ताणांक. ताणांक सत्तरच्या वर गेला की पट्टी लाल होते आणि त्या माणसाला वीस मिनिटं बाजूला बसवावंच लागतं. एकाच पाळीत दुसऱ्यांदा लाल झाली तर भरपगारी घरी पाठवायचं. अर्ज नाही, परवानगी नाही, 'साहेब, जरा बरं वाटत नाही' असं म्हणत दारात ताटकळणं नाही. आमच्या माणसांना 'नाही' म्हणता येत नाही, तर निदान त्यांच्या घामानं ते म्हणावं, असं मला वाटलं होतं. कायद्याचा मसुदा वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही सांगून टाकते.

पहिल्या तीन महिन्यांत राज्यातले निम्मे कारखाने दुपारपर्यंत लाल व्हायला लागले.

मग बोंब सुरू झाली. सत्तरची मर्यादा परदेशी माणसांवरून ठरवलीय, तिकडची माणसं एकटी राहतात, नाजूक असतात, आपला माणूस वेगळा आहे, असं उद्योजक म्हणू लागले. कायदा राबवणाऱ्या श्रमताण मंडळानं आमच्या संस्थेला विचारलं : खरंच वेगळा आहे का, ते मोजून सांगा. काम माझे गुरू डॉ. श्रीरंग केळवकर यांच्याकडे आलं आणि सरांनी ते माझ्याकडे दिलं.

पद्धत सरळ होती. शरीर काय म्हणतं ते पट्टी सांगणार. माणूस काय म्हणतो ते आम्ही विचारणार. दर दोन तासांनी एकच प्रश्न : आत्ता किती त्रास होतोय, शून्य ते दहा? परदेशी माणसं ताणांक सत्तरला पोचला की 'सहा' म्हणत होती. आपली माणसं किती म्हणतात ते बघायचं.

अभ्यासाला कारखाना हवा होता. मी कागलच्या एमआयडीसीतला 'सह्यवेल हार्नेस' निवडला. मोटारींच्या आत वायरींचे जे जुडगे असतात ते तिथं बनतात. चारशे बायका, तीन पाळ्या, लांबलचक टेबलांवरच्या खुंट्यांभोवती वायरी फिरवत दिवसभर उभ्या. तो निवडायचं कारण अजिबात शास्त्रीय नव्हतं. तिथं माझी वहिनी कामाला होती.

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि दादाच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. सुवर्णावहिनी तेव्हा बावीसची. त्या दिवसापासून माझ्या डोक्यातल्या उवांपासून दहावीच्या अर्जापर्यंत सगळं तिनं बघितलं. मला शिकायला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा दादाच्या एकट्याच्या पगारात भागेना, म्हणून ती सह्यवेलमध्ये लागली. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. ती काहीच बोलून दाखवत नसे, आणि घरात सगळे त्याचं कौतुक करत. मीही.

तीन आठवडे मी टॅब घेऊन लाईनवर फिरले. तेवढ्यापुरती लाल पट्टीवाल्यांना बाजूला बसवायची सक्ती मंडळानं उठवली होती. राहायला अर्थातच घरी. बायका माझ्याशी हसून बोलायच्या, डब्यातला शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवायच्या. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्यात राहून माझी ती सवय गेली होती, त्यावरून माझी चेष्टाही करायच्या. आणि किती त्रास होतोय विचारलं की, "एक लिव." "दोन." "कसला तरास बाई, शून्य टाक आणि लाडू खा." ताणांक शहाण्णव, ब्लाऊज घामानं पाठीला चिकटलेला, पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यात रुतलेली, आणि तोंडानं दोन.

मला ते खटकलं. पुण्याला परत गेल्यावर मी सरांना म्हणाले, "सर, आकडे जुळत नाहीत. शरीर ओरडतंय आणि बाई हसतेय."

सरांचा चेहरा उजळला. "केतकी, अगं हाच तर शोध आहे! शरीरावर भार आहे, पण मनाला तो जाणवत नाही. एकत्र कुटुंब, उपासतापास, लहानपणापासून वडीलधाऱ्यांचं ऐकायची सवय. यानं माणूस आतून घट्ट होतो. जग ज्याच्यावर औषधं शोधतंय ते आपल्याकडे घराघरांत आहे."

"पण त्या खरं सांगत असतील कशावरून?"

"तुझ्या वहिनीवर तुझा विश्वास नाही का?"

यावर काय बोलणार? खरं तर पुष्कळ बोलता आलं असतं. रक्ताच्या चाचण्या करू म्हणता आलं असतं, वर्षभर त्या बायकांचे रक्तदाब बघू म्हणता आलं असतं. पण सरांना उलटून बोलणं मला जमत नसे. त्यांनी मला घेतलं, शिकवलं, माझ्या आजारपणात त्यांच्या घरून डबा यायचा. मी 'हो सर' म्हणाले. शिकलेली, डॉक्टरेट मिळवलेली बाई, आणि मूग गिळून बसले.

गणित केलं. सह्यवेलच्या बायकांच्या आकड्यांचा आलेख पुढं वाढवला तर 'सहा' म्हणायला त्यांचा ताणांक एकशे बारावर जावा लागला असता. एकशे बारा भागिले सत्तर, एक पूर्णांक सहा. सरांनी त्याचं बारसं केलं : सहनगुणक. यापुढं पट्टीनं मोजलेला ताणांक आधी या गुणकानं भागायचा आणि मग लाल की हिरवा ते ठरवायचं. शहाण्णवचे झाले साठ. हिरवा.

मंडळानं सह्यवेलमध्ये वर्षभर चाचणी म्हणून गुणक लागू केला. वर्ष सुरळीत गेलं तर राज्यभर अधिसूचना निघणार होती. वर्ष फारच सुरळीत गेलं. लाईन एकदाही थांबली नाही. वर्तमानपत्रांत 'संस्कारांचं कवच' असे मथळे आले. नोकरीच्या जाहिरातींत 'एकत्र कुटुंबातील उमेदवारांस प्राधान्य' असं छापून येऊ लागलं. मुलाखतीत विचारायला लागले, उपास करता का, किती करता? मला तेव्हाच खाडकन जाग यायला हवी होती. मी मात्र परिषदांमध्ये भाषणं देत हिंडत होते.

सह्यवेलचे प्लांटप्रमुख इंगवले हा त्यातला खरा हुशार माणूस. त्यांच्या टॅबवर रोज सकाळी एक यादी येई. कोणाची पट्टी सगळ्यात हिरवी आहे, म्हणजे जादा पाळीसाठी आधी कोणाला विचारायचं. सगळ्यात हिरव्या बायका म्हणजे सगळ्यात गप्प बसणाऱ्या बायका, हे कळायला कुठली डॉक्टरेट लागत नाही. इंगवले कधी हुकूम सोडत नसत. जवळ यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "ताई, तेवढं बघा की. आपलंच घर आहे." भावाला कोण नाही म्हणतं? दसऱ्याला कारखान्यात 'सह्यवेल माउली' असा पुरस्कार द्यायला सुरुवात झाली, नारळ आणि पैठणीच्या काठाची साडी. पहिल्या वर्षी तो सुवर्णावहिनीला मिळाला. तिनं मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुझ्यामुळं.'

दोन महिन्यांनी, मंगळवारी सकाळी अकराला, ती टेबलावरच कोसळली. पट्टी हिरवी होती.

मी कोल्हापूरला पोचले तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती. डॉक्टरांनी मला हृदयाचं चित्र दाखवलं. रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या, अडथळा कुठंच नव्हता. पण हृदयाचा खालचा भाग फुगून सैल पडला होता. सतत ताणाचं संप्रेरक झेलून स्नायू असा होतो, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती, माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्यावरच आहे. "पुन्हा असा भार पडला तर हे झेपणार नाही," डॉक्टर म्हणाले. दादाच्या हातात कंपनीचं पत्र होतं : ताणांक मर्यादेत होता, सबब आजाराचा कामाशी संबंध नाही. बरी झाल्यावर ताईंनी त्याच जागी रुजू व्हावं, कंपनी त्यांची वाट पाहत आहे.

वहिनीनं डोळे उघडून मला पाहिलं. "एवढ्या लांबनं कशाला आलीस? तुझ्या कामाचा खोळंबा."

"किती दुखतंय?"

"काय न्हाई. जरा दम लागतोय. दादाला जेवायला घाल, सकाळपास्नं तसाच हाय."

मी बाहेर आले. बाकावर नसीमा मुजावर बसली होती. सोळा वर्षं ती आणि वहिनी एकाच टेबलावर समोरासमोर उभ्या राहून काम करतात. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "नसीमाभाभी, हिला खरंच काही जाणवत नव्हतं का? तीन आठवड्यांत दोनच्या वर कधी गेली नाही."

नसीमानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून दहावीतच आहे. "जाणवत नव्हतं? अगं, ती जिन्यावर बसून रडायची. पायऱ्या चढवत नव्हत्या तिला."

"मग दोन का सांगितलं?"

"तुझ्यासाठी!"

"माझ्यासाठी?"

"तू यायच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा केलं तिनं. म्हणाली, आमची केतकी येणार हाय, तिचा पहिलाच मोठा अभ्यास हाय. रडगाणं गाऊ नका तिच्यापुढं. चांगलं चांगलं सांगा, पोरीचं काम पास झालं पाहिजे." नसीमानं डोळे पुसले. "आम्हाला काय ठाऊक, कमी आकडा चांगला की वाईट? आम्हाला वाटलं, तरास कमी सांगितला म्हणजे तुझं मशीन चांगलं ठरणार. मी तर दहा-दहा तास उभा राहून शून्य सांगितलं. आपल्या घरची पोर, तिचं नाव कशाला खाली पाडायचं?"

म्हणजे हे होतं संस्कारांचं कवच. चारशे बायकांनी माझा पाहुणचार केला होता. लाडू दिला तसा आकडाही दिला, गोड. आणि मी त्याला भागाकाराचं चिन्ह लावून त्यांच्याच मानेवर ठेवला.

मला राग आला. इंगवल्यांचा आला, मंडळाचा आला, सरांचा आला. नसीमाचा आला. आत नळ्या लावून पडलेल्या वहिनीचा तर इतका आला की तिला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, तुला कुणी सांगितलं होतं गं माझं भलं करायला? तेवढंच आपल्याला शिकवलंय. दुखलं तर सांगायचं नाही, विचारलं तर हसायचं, आणि विचारणारा घरचा असेल तर आणखी हसायचं. याला सहनशक्ती म्हणतात आणि हिच्यावर कारखाने चालतात.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती. सरांनी दार उघडलं, आणि माझा हात आपोआप त्यांच्या पायांकडे गेला. वाकून नमस्कार करून उभी राहिले तेव्हा तो हात तोडून टाकावासा वाटला.

सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वहिनींचं वाईट झालं," ते म्हणाले. "पण एका कँटीनमधल्या गप्पांवरून सिद्धान्त मोडत नसतो. तू आत्ता अस्वस्थ आहेस."

"सर, मूळ आकडेच खोटे आहेत. प्रेमानं सांगितलेले, पण खोटे. त्यावर राज्यभर गुणक लागणार, लाखो माणसांना."

"आणि तू उभी राहून सांगणार की माझा अभ्यास चुकला? तुझं नाव कायमचं जाईल, केतकी. माझं काय, माझं वय झालं. मी तुझ्यासाठीच म्हणतोय. मी तुला मुलीसारखी मानली."

"म्हणूनच तुम्ही मला कधी विचारलं नाहीत सर. फक्त सांगितलंत."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं उलटून कधी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला निघायला सांगितलं. घरातून काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप घेऊन तशाच दारात उभ्या राहिल्या.

मी मंडळाला पत्र लिहिलं आणि सुनावणी लागली. तोपर्यंत वहिनी घरी आली होती. तिला सावकाश चालता येत होतं. कंपनीनं रुजू होण्याची तारीख कळवली होती, सुनावणीनंतरचा सोमवार. गुणक राहिला तर तिची पट्टी पुन्हा हिरवी दाखवणार होती आणि इंगवले पुन्हा हात जोडणार होते. तिनं नाही म्हटलं नसतं. पोरांच्या फिया होत्या आणि 'आपलंच घर' होतं. मला तिला वाचवायचं होतं. लाखो माणसं नंतर. खोटं कशाला बोलू?

सुनावणी कोल्हापुरात एका सरकारी सभागृहात झाली. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश निंबाळकर मॅडम. एका बाजूला सर, इंगवले आणि कंपनीचे वकील. दुसऱ्या बाजूला मी. मागच्या खुर्च्यांवर लाईनवरच्या तीसेक बायका. मी उभी राहून सगळं सांगितलं. माझं गणित कुठल्या पायावर उभं होतं, ते कँटीनसकट सांगितलं.

वकील गोड हसले. "डॉक्टरबाईंच्या घरात आजारपण आहे, आम्हाला सहानुभूती आहे. पण त्या म्हणतात ते खरं असेल तर त्यांनी मंडळाची वर्षभर दिशाभूल केली, असा अर्थ होतो. मग चौकशी लागेल, नोकरी जाईल, पदवीचाही प्रश्न येईल. असं काही घडलंच नाही, असा आमचा समज आहे. सुवर्णाताईंनाच विचारू या ना. त्यांच्या दंडावर पट्टी आहेच."

हे सगळं त्यांनी वहिनीकडे बघत म्हटलं. मला डाव कळला. तिलाही कळला, पण उलटा.

वहिनी पुढच्या खुर्चीवर येऊन बसली. पट्टी लावून अर्धा तास झाला होता. भिंतीवरच्या पडद्यावर तिचा आकडा होता, गुणकानं भागलेला : पासष्ट, हिरवा. तिचे ओठ पांढरे पडले होते. एका हातानं तिनं खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"ताई," निंबाळकर मॅडम म्हणाल्या, "तेव्हा किती त्रास व्हायचा? आणि आत्ता किती होतोय? न घाबरता सांगा."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी स्टेजवर अडखळले की ती जशी मान हलवायची तशी हलवली. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "तवा दोन हुता. आतापण दोनच हाय. केतकीचं काय चुकलेलं न्हाई साहेब. पोरगी लई हुशार हाय आमची."

सभागृहात कुणीतरी सुस्कारा सोडला. सरांनी डोळे मिटले. मला वाटतं त्यांना खरोखर समाधान झालं असावं.

माझं डोकं फिरलं. शांतपणे मुद्दा मांडायला हवा होता, हे आता कळतं. मी ओरडले. "खोटं बोलू नकोस वहिनी!"

ज्या बाईला मी आयुष्यात कधी 'अगं थांब' म्हटलं नव्हतं, तिच्यावर मी तीस माणसांसमोर खेकसले. "खोटं बोलतेस तू! तेव्हाही बोललीस, आत्ताही बोलतेयस! मरशील आणि मरतानाही दोन म्हणशील!" टॅब माझ्या हातात होता, गुणक बदलायची परवानगी अजून माझ्याच नावावर होती. मी गुणक काढून टाकला. पडद्यावरचा पासष्ट पुसला गेला आणि एकशे चार आला. लाल. पट्टीचा इशारा वाजायला लागला, आणि तो थांबवायला कुणीच पुढं झालं नाही.

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर दंडावरून ओढून पट्टी झाकली, अंगावरचं काही उघडं पडल्यासारखी. "मी खोटं बोलतो व्हय?" ती हळू आवाजात म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

मागून नसीमा उठली. "ती एकटी न्हाई बोलली. मी पण बोललो. मला शून्य न्हवता, नऊ हुता." मग आणखी एक उठली. मग बऱ्याच उठल्या. पण मला ते नीट आठवत नाही, कारण तोवर मंडळाचे डॉक्टर वहिनीला धरून बाहेर नेत होते आणि तिनं माझा हात झिडकारला होता.

मंडळानं अधिसूचना रोखली. सह्यवेलचा गुणक त्याच दिवसापासून रद्द झाला. वहिनीचा आजार कामामुळंच झाला हे कंपनीला लिहून द्यावं लागलं, आणि आता तिला बसून करायचं तपासणीचं काम मिळालंय. मला निलंबित केलंय, चौकशी चालू आहे, आणि तिच्यात मी दोषी ठरेन, कारण मी दोषी आहे. सरांचं विचाराल तर ते सध्या शेजारच्या राज्यात सल्लागार आहेत. तिथं गुणक एक पूर्णांक चार ठरलाय. त्यांनी तो नम्रपणे कमी धरला, असं वाचलं.

वहिनीनं मात्र माझा फोन घेतला नाही. अकरा दिवस. शेवटी मी रविवारी दुपारी गावी जाऊन उभी राहिले. ती सोप्यात पाटावर बसून शेंगा फोडत होती. दादा परसात होता. मी समोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

"नको हुतं ना? मग बोललीस कशाला?"

तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनं सूप बाजूला सारलं.

"खोटारडी केलंस मला. समद्या गावापुढं. वीस वर्षं या घरात हाय, कुणाला उलटून बोललो न्हाई, आणि तू मला खोटारडी म्हणतीस? कुणासाठी बोललो खोटं? माझ्या नर्सिंगचा नंबर लागला हुता केतकी, मिरजंला. ठाऊक हाय तुला? न्हाई ठाऊक. लगीन झाल्यावर जा म्हणाले हुते समदे. मग तुझी आई गेली. नर्सिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं न्हाई, मी पण न्हाई काढलं. सोळा वर्षं उभा राहून वायरी ओढल्या मी. तीन आठवडे तू टॅब घेऊन फिरलीस, किती तरास हुतोय, किती तरास हुतोय. तिथं मी काय सांगणार हुतो? तिथं मी कामगार हुतो. सांजच्याला घरी येऊन माझ्या हातचं जेवलीस. एकदा तरी विचारलंस? घरी, टॅब ठेवून? एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. तीन आठवड्यांत एकदाही नाही. मी जेवून माझे तक्ते भरत बसायची आणि ती भांडी घासायची.

दादा आवाज ऐकून आत आला. "अगं सुवर्णा, तब्येत बघ जरा. डॉक्टरांनी सांगितलंय ना—"

"दादा, तू बाहेर जा," मी म्हणाले. "बोलू दे तिला."

ती बोलली. माझं बोलली, दादाचं बोलली, इंगवल्यांचं, माझ्या गेलेल्या आईचंसुद्धा बोलली. शेंगांची टरफलं सोपाभर उडाली. बोलता बोलता तिला धाप लागली, मी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा सुरू झाली. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. शेवटी ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "चहा पाहिजे आसंल तर तूच कर. मी आज उठणार न्हाई."

मी आत गेले, आधण ठेवलं, आणि नेहमीप्रमाणं आलं किसायला घेतलं. किसणीचा आवाज बाहेर गेला असावा.

"त्यात आलं घालू नकोस," बाहेरून ती ओरडली. "मला कधीच आवडलं न्हाई."